परिषेक, अवगाह आणि विसण : उष्ण जलस्नान व हृदय

मराठीतील 'आंघोळ' हा शब्द फार व्यापक आहे. मोरीत बसून तांब्याने अंगावर पाणी घेणारा, नाशकास रामकुंडात बुडी मारणारा, वज्रेश्वरीच्या कुंडात गळ्यापर्यंत बसून राहणारा आणि एखाद्या विश्रामस्थानातील उष्ण पाण्याच्या टबात पाय पसरून पडणारा, हे चौघेही आंघोळच करीत असतात. व्यवहाराला एवढी व्यापकता पुरते. परंतु शरीरव्यापाराच्या दृष्टीने ह्या क्रिया एक नाहीत. उष्ण पाण्याने रुधिराभिसरण सुधारते व हृदयास लाभ होतो, असे अलीकडे वारंवार सांगितले जाते. ह्या विधानात तथ्य आहे. मात्र ते कोणत्या आंघोळीविषयी खरे आणि किती उष्ण पाण्याविषयी खरे, हे निश्चित केल्यावाचून त्यावर विसंबणे धोक्याचे ठरते. असा निश्चय करण्यास जे भेद लागतात, त्यांतील मुख्य भेद आपल्या शास्त्रीय व लौकिक शब्दसंपत्तीत फार पूर्वीपासून आहेत, आणि आधुनिक शरीरविज्ञानासही तेच भेद मोजमापासह करावे लागले आहेत. प्रस्तुत लेखात त्यांचा विचार करावयाचा आहे.

पहिला भेद पाणी अंगावर घेणे आणि पाण्यात बसणे ह्यांतील होय. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील चौदाव्या अध्यायात, म्हणजे स्वेदाध्यायात, अग्नीच्या साहाय्याने करावयाच्या स्वेदाचे तेरा प्रकार सांगितले आहेत. त्यांत 'परिषेक' आणि 'अवगाह' हे दोन प्रकार स्वतंत्रपणे मोजलेले आढळतात. परिषेकात उष्ण द्रव अंगावर धारेने घ्यावयाचा असतो, तर अवगाहात उष्ण द्रवाने भरलेल्या पात्रात बसावयाचे असते. द्रव एकच, उष्णता एकच, तरीही प्रकार दोन. महाराष्ट्रातील घरगुती आंघोळ ही बहुतेक परिषेकाच्या जातीची आहे. बादली, तांब्या, घंगाळ व चौरंग ही तिची साधने. अवगाहाचा प्रसंग सामान्य माणसास उष्ण कुंडांच्या यात्रेपुरताच येत असे. आता नाशिकच्या आसपासच्या विश्रामस्थानांत, व्यायामगृहांत आणि क्वचित सदनिकांतही उष्ण पाण्याचे टब आले असून अवगाह नित्याचा होऊ लागला आहे. परिषेकाच्या सवयीने अवगाह करू गेल्यास काय होते, हे पाहण्यासाठी प्रथम पाण्याच्या दाबाचा विचार केला पाहिजे.

माणूस उभा असता त्याचे पुष्कळसे रक्त गुरुत्वाकर्षणामुळे पायांच्या व उदराच्या नीलांमध्ये साठून राहते. तो गळ्यापर्यंत पाण्यात शिरला, की सभोवारचे पाणी त्या नीलांवर दाब आणते. एक मीटर खोलीवर हा दाब सुमारे ७३ मिलिमीटर पाऱ्याइतका असतो. त्यामुळे खाली साठलेले रक्त छातीकडे ढकलले जाते. १९७२ साली स्वीडनमधील आर्बोरेलियस व त्यांचे सहकारी ह्यांनी प्रसिद्ध केलेल्या मापनांत, शरीरास ना उष्ण ना थंड वाटणाऱ्या पाण्यात माणूस गळ्यापर्यंत बसला असता सुमारे ७०० मिलिलिटर रक्त छातीच्या पोकळीत अधिक येते आणि हृदयातून दर मिनिटास बाहेर पडणारे रक्त सुमारे ३२ टक्क्यांनी वाढते, असे आढळले. येथे उष्णतेचा संबंध नाही. हा केवळ बुडण्याचा परिणाम आहे. निरोगी हृदय हा वाढीव भरणा सहज पेलते. परंतु जे हृदय आधीच आलेले रक्त पुढे ढकलण्यास अपुरे पडत आहे, त्याच्यावर हा भार अकस्मात पडल्यास फुप्फुसांत रक्त तुंबून धाप लागू शकते. तांब्याने अंगावर पाणी घेताना असा भार पडत नाही. परिषेक आणि अवगाह ह्यांतील भेद हृदयाच्या दृष्टीने असा मूलभूत आहे.

ह्या दाबावर उष्णतेचा परिणाम चढतो. त्वचा तापली, की तीतील सूक्ष्म रक्तवाहिन्या प्रसरण पावतात आणि शरीरातील उष्णता बाहेर टाकण्यासाठी रक्त त्वचेकडे धाव घेते. विश्रांतीच्या स्थितीत त्वचेतून दर मिनिटास अर्धा लिटर किंवा त्याहूनही कमी रक्त वाहते. तीव्र उष्णतेत हे प्रमाण सहा ते आठ लिटरांपर्यंत जाऊ शकते. वाहिन्या रुंदावल्याने रक्ताच्या वाटेतील विरोध कमी होतो, रक्तदाब उतरतो आणि तो सावरण्यासाठी नाडीची गती वाढते. पाण्यात बसलेल्या माणसाचा अनुभव सुखाचा असतो, कारण पाण्याचा दाब अजून रक्ताला आधार देत असतो. खरी परीक्षा बाहेर पडताना होते. माणूस झटकन उठून उभा राहिला, की तो आधार एका क्षणात नाहीसा होतो, वाहिन्या मात्र अद्याप शिथिलच असतात. रक्त खाली उतरते, मेंदूस होणारा पुरवठा घटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि ओल्या फरशीवर किंवा पुन्हा पाण्यातच तो कोसळतो. उष्ण स्नानातील पुष्कळ अपघात ह्या उठण्याच्या क्षणी घडतात.

असे असताना हृदयास लाभ होतो तो कसा? त्वचेकडे व स्नायूंकडे वाढलेला प्रवाह रक्तवाहिन्यांच्या आतील नाजूक अस्तरावर घासत जातो. ह्या घर्षणाने ते अस्तर नायट्रिक ऑक्साइड निर्माण करते. त्यायोगे वाहिन्यांच्या भिंती सैलावतात आणि त्यांची लवचिकता टिकण्यास मदत होते. व्यायामाचा वाहिन्यांवर जो हितकर परिणाम होतो, त्यातील एक भाग ह्याच मार्गाने होत असतो. १९९५ साली जपानमधील कागोशिमा येथील तेई व त्यांच्या सहकाऱ्यांनी जीर्ण हृदयदौर्बल्याच्या रुग्णांस वैद्यकीय देखरेखीखाली ४१ अंश सेल्सियस पाण्यात दहा मिनिटे, किंवा ६० अंशांच्या कोरड्या उष्ण खोलीत पंधरा मिनिटे, बसवून मापने केली. वाहिन्यांतील विरोध घटला आणि हृदयाचे कार्य तेवढ्यापुरते हलके झाले, असे त्यांस दिसून आले. पुढे त्यांनी उपचारासाठी कोरड्या उष्णतेची पद्धती विकसित केली. तीत पाण्याचा दाब नसतो, हा तिचा विशेष. २०१६ साली अमेरिकेतील ओरेगन विद्यापीठात व्यायाम न करणाऱ्या निरोगी तरुणांस आठ आठवडे वारंवार उष्ण अवगाह दिला असता त्यांच्या रोहिणींची लवचिकता व त्यांच्या अस्तराचे कार्य सुधारल्याचे आढळले.

ह्याहून मोठा पुरावा जपानमधीलच आहे. तेथे टबात बसून स्नान करणे हा घरोघरचा नेम असल्याने त्याचा अभ्यास मोठ्या समुदायावर करता आला. ४० ते ५९ वर्षे वयाच्या सुमारे ३०,००० स्त्रीपुरुषांची १९९० पासून जवळजवळ वीस वर्षे नोंद ठेवून २०२० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आठवड्यातून दोनदा किंवा त्याहून कमी वेळा टबस्नान करणाऱ्यांच्या तुलनेने रोज किंवा जवळजवळ रोज करणाऱ्यांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांचे प्रमाण २८ टक्क्यांनी आणि पक्षाघाताचे २६ टक्क्यांनी कमी आढळले. परंतु अशा निरीक्षणात्मक अभ्यासातून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. ज्यांची प्रकृती मुळातच बरी, ते रोज टबात बसू शकतात, असाही अर्थ संभवतो. संशोधकांनी इतर कारणांचा हिशेब केला असला, तरी ही मर्यादा राहतेच. म्हणून उष्ण अवगाह हा व्यायामाचा, योग्य आहाराचा किंवा औषधाचा पर्याय नव्हे. प्रकृती अनुकूल असल्यास तो त्यांस पूरक ठरू शकतो, एवढेच म्हणता येते.

दुसरा भेद उष्णतेच्या पायऱ्यांचा होय. ह्या बाबतीत मराठी भाषा कृपण नाही. 'गार', 'कोमट', 'ऊन', 'कढत' आणि 'उकळते' ह्या शब्दांनी पाण्याच्या अवस्था क्रमाने दाखविल्या जातात. 'ऊन' हा संस्कृत 'उष्ण' शब्दाचा प्राकृत 'उण्ह'मधून आलेला वारस, तर 'कढत' हा 'क्वथ्' धातूपासून निघालेल्या 'कढणे' ह्या क्रियापदाचा; 'काढा' हा शब्दही त्याच कुळातला. संस्कृतातही अल्प उष्णतेची पायरी निराळी काढलेली दिसते. अमरकोशात कोमट ह्या अर्थाने कोष्ण, कवोष्ण, मंदोष्ण आणि कदुष्ण असे चार पर्याय दिले आहेत, आणि 'उष्ण' शब्दापूर्वी येणाऱ्या 'कु'चे 'कव' कसे होते ह्यासाठी पाणिनीने स्वतंत्र सूत्र केले आहे. महाराष्ट्राच्या भूगोलावरही 'ऊन' उमटले आहे. नैसर्गिक उष्ण झऱ्यास कोकणात 'उन्हाळे' म्हणतात. राजापूरजवळचे उन्हाळे, रत्नागिरी जिल्ह्यातीलच उन्हवरे, जळगाव जिल्ह्यातील उनपदेव, नांदेड जिल्ह्यातील उनकेश्वर ही स्थाने त्यांच्या नावांवरूनच ओळखू येतात.

परंतु ही नावे पाण्याची जात सांगतात, अंश सांगत नाहीत. कोकणपट्टीतील झऱ्यांचे पाणी उगमापाशी सुमारे ३५ अंशांपासून ७० अंशांपर्यंत असते. ह्यांतील पहिल्यात दीर्घकाळ बसता येईल; दुसऱ्यात पाय घातला तर क्षणात भाजेल. म्हणूनच ठाणे जिल्ह्यात तानसा नदीच्या परिसरातील वज्रेश्वरी, अकलोली व गणेशपुरी ह्यांसारख्या ठिकाणी एकाहून अधिक कुंडे असतात आणि त्यांची उष्णता सारखी नसते. अनुभवी यात्रेकरू एकदम कुंडात न उतरता आधी पाण्याचा अंदाज घेतो, त्याचे कारण हेच.

हा अंदाज हाताने घेतला जातो, आणि तेथेच अडचण उद्भवते. एक हात गार पाण्यात व दुसरा कढत पाण्यात काही वेळ ठेवून मग दोन्ही हात एकाच कोमट पाण्यात घातले, तर पहिल्या हातास ते पाणी ऊन व दुसऱ्यास गार लागते. सतराव्या शतकात जॉन लॉक ह्या इंग्रज तत्त्वज्ञाने हा दृष्टांत दिला होता. तात्पर्य असे, की 'ऊन' आणि 'कढत' हे शब्द पाण्याचे जितके वर्णन करतात, तितकेच ते बोलणाऱ्याच्या त्वचेचे करतात. वृद्धांची त्वचा उष्णतेस मंदपणे प्रतिसाद देते. दीर्घकाळच्या मधुमेहात पायांची संवेदना इतकी क्षीण होते, की इतरांस कढत लागणारे पाणी त्या रुग्णास केवळ ऊन वाटते. अशा माणसाने 'सोसवेल इतके कढत' हे माप धरले, तर ते माप त्याला फसवते. १९४७ साली मोरित्झ व हेन्रिक्स ह्यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांवरून, ४४ अंश उष्णतेने त्वचा भाजण्यास सुमारे सहा तास, ४९ अंशांनी सुमारे दहा मिनिटे आणि ६० अंशांनी केवळ पाच सेकंद लागतात, असे दिसते. थोड्या अंशांच्या फरकाने काळ असा झपाट्याने आटतो. घरातील विजेच्या गिझरमधील पाणी ६० अंश किंवा त्याहूनही अधिक असू शकते, हे ध्यानी घेतले म्हणजे विषयाचे गांभीर्य पटते.

म्हणून शब्द आणि पारा ह्यांची सांगड घालणे अवश्य आहे. ढोबळ मानाने ३४ ते ३७ अंशांचे पाणी कोमट, ३८ ते ४० अंशांचे ऊन आणि त्यापुढचे कढत, असे मानण्यास हरकत नाही. उष्ण टबासाठी ४० अंश ही कमाल मर्यादा अमेरिकेतील ग्राहकसुरक्षा आयोगाने १९७९ मध्येच सांगितली होती. अर्थात हृदयाच्या हितासाठी जे पाणी सुचविता येते, ते 'ऊन' ह्या पायरीवरचे, 'कढत' ह्या पायरीवरचे नव्हे. अधिक कढत म्हणजे अधिक गुणकारी हा समज येथे पूर्णपणे सोडला पाहिजे.

ऊन पाण्यापर्यंत पोहोचण्याची रीत मराठी घरांस चांगली ठाऊक आहे, आणि तिला नेमका शब्दही आहे. कढत पाणी सोसेल असे करण्यासाठी त्यात मिसळावयाचे गार पाणी म्हणजे 'विसण'. नाशिक हे तांब्यापितळेच्या भांड्यांचे जुने केंद्र. तेथील तांब्याच्या बंबातून निघालेले पाणी घंगाळात घेऊन त्यात विसण घातल्यावाचून कोणी अंगावर घेत नसे. मात्र विसणाचे प्रमाण ऋतूप्रमाणे बदलते, हे विसरता कामा नये. ७० अंशांच्या एका भागात २५ अंशांचे दोन भाग विसण घातले, तर मिश्रण ४० अंशांचे होते. तेच विसण हिवाळ्यात १५ अंशांचे असले, तर मिश्रण ३३ अंशांवर येते. अशा वेळी अंदाजाने कढत पाणी वाढविले जाते, आणि गारठलेल्या हातास त्याची खरी उष्णता कळत नाही. यास्तव टबात प्रथम गार पाणी घेऊन मग कढत पाणी मिसळावे, नीट ढवळावे आणि साध्या उष्णतामापकाने अंश पाहावा. घरात लहान मूल असेल, तर हा क्रम विशेष महत्त्वाचा. कारण कढत पाणी आधी भरून विसणाची वाट पाहत राहिलेले भांडे हेच भाजण्याच्या कित्येक अपघातांचे मूळ असते.

हिवाळ्याचा आणखी एक धोका आहे. नाशिक जिल्ह्यातील निफाड येथे थंडीच्या दिवसांत किमान तापमान कित्येकदा ५ अंशांच्या खाली उतरते. अशा पहाटे गार न्हाणीघरात कपडे उतरवताच त्वचेच्या वाहिन्या आकुंचन पावून रक्तदाब चढतो. लगेच उष्ण पाण्यात शिरल्यावर तो वेगाने उतरतो. ज्याच्या हृदयाच्या वा मेंदूच्या रोहिणी कठीण झाल्या आहेत, त्यास हा चढउतार घातक होऊ शकतो. ज्या जपानमध्ये टबस्नानाचे लाभ नोंदले गेले, त्याच जपानमध्ये दर वर्षी हजारो माणसे, त्यांत बहुसंख्य वृद्ध, स्नानाच्या वेळी मृत्यू पावतात, आणि हे मृत्यू मुख्यत्वे थंडीत घडतात. तेथील शासकीय यंत्रणा लोकांस पाणी ४१ अंशांहून अधिक न ठेवण्याचा, दहा मिनिटांच्या आत बाहेर येण्याचा आणि कपडे उतरविण्याची खोली आधी उबदार करण्याचा सल्ला देते. लाभ आणि हानी ही दोन्ही एकाच टबातून निघतात. त्यांत अंतर पडते ते अंश, अवधी आणि प्रकृती ह्यांमुळे.

प्रकृतीचा विचार चरकाचार्यांनीही केला होता. ज्यांस स्वेद देऊ नये त्यांच्या यादीत गर्भिणी, नित्य मद्य घेणारे आणि मधुमेही ह्यांचा उल्लेख आहे. हृदय, नेत्र व वृषण ह्या भागांस स्वेद सौम्य द्यावा किंवा देऊच नये, असे सांगून स्वेदकाळी हृदयावर शीतल वस्तूंचा स्पर्श करण्याची सूचनाही दिली आहे. वाग्भटाने अष्टांगहृदयात उष्ण जलाचे सेचन मानेखालील शरीरास बलदायक, परंतु मस्तकास अहितकर मानले आहे. ह्या वचनांमागील उपपत्ती निराळी आहे. तिचा व आधुनिक शरीरविज्ञानाचा ओढूनताणून मेळ घालण्याचे कारण नाही. तरीही उष्णता सर्वांस व सर्वांगास सारखी मानवत नाही हे निरीक्षण दोन्हीकडे समान आहे. आजच्या वैद्यकाप्रमाणे, छातीत वारंवार वा विश्रांतीतही दुखणारे, नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले, महारोहिणीच्या झडपेचे तीव्र आकुंचन असलेले, पायांवर सूज व धाप असलेले, तसेच रक्तदाब आटोक्यात नसलेले किंवा भोवळ येण्याची प्रवृत्ती असलेले ह्यांनी वैद्याच्या अनुज्ञेवाचून उष्ण अवगाह करू नये. रक्तदाब उतरविणारी, लघवी वाढविणारी वा छातीच्या दुखण्यावरची औषधे घेणाऱ्यांनीही आधी विचारून घ्यावे. त्वचेवर औषधाची चकती लावलेली असल्यास उष्णतेने औषध अधिक वेगाने शोषले जाते. गर्भारपणी, विशेषतः प्रारंभीच्या महिन्यांत, शरीराचे तापमान वाढणे गर्भास अपायकारक होऊ शकते.

ज्यांस असा अडथळा नाही, त्यांच्यासाठी रीत साधी आहे. भरल्या पोटी किंवा मद्य घेऊन पाण्यात उतरू नये. आधी एक पेला पाणी प्यावे. प्रथम पाय, मग मांड्या आणि मग धड असे सावकाश उतरावे. आरंभी पाणी गळ्यापर्यंत न ठेवता छातीच्या खालपर्यंतच ठेवावे, म्हणजे दाबाचा भार कमी राहतो. दहा मिनिटांनी प्रारंभ करावा आणि सवयीनंतरही पंधरा मिनिटांहून अधिक बसू नये. छातीत धडधड, डोके हलके वाटणे, मळमळ किंवा धाप जाणवताच बाहेर यावे. बाहेर येताना प्रथम काठावर बसावे, पाय हलवावे आणि आधार धरून उठावे. लगेच गार पाण्यात उडी घेऊ नये; त्याने रक्तदाब एकाएकी चढतो. वृद्ध माणसाने एकट्याने कडी लावून अवगाह करू नये. हाकेच्या अंतरावर कोणी असावे.

पाणी तापविण्याच्या साधनाकडे व पाण्याच्या शुद्धतेकडेही लक्ष पाहिजे. बंद न्हाणीघरात गॅसचा गिझर लावल्यास हवेतील प्राणवायू कमी पडून कार्बन मोनॉक्साइड हा गंधहीन विषारी वायू निर्माण होतो. त्याने माणूस नकळत बेशुद्ध पडतो. असा गिझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत असावा. सार्वजनिक टबातील ऊन पाण्यात, निर्जंतुकीकरण नीट न झाल्यास, लेजिओनेला जातीचे जंतू वाढतात आणि बुडबुड्यांच्या तुषारांबरोबर फुप्फुसांत जातात. १९९९ साली नेदरलँड्समधील बोव्हेनकार्स्पेल येथील पुष्पप्रदर्शनात मांडलेल्या एका टबातून हा रोग पसरून अनेक माणसे दगावली. त्यांतील बहुतेकांनी टबात पाऊलही ठेवले नव्हते.

एकंदरीत पाहता, उष्ण स्नान हृदयास हितकर की अहितकर, ह्या प्रश्नास त्याच स्वरूपात उत्तर नाही. परिषेक की अवगाह, कोमट, ऊन की कढत, किती वेळ आणि कोणाच्या शरीराने, हे विचारल्यावर मात्र उत्तर देता येते. घरोघरी गिझर येऊन बंब व घंगाळ मागे पडले, तसा 'विसण' हा शब्दही तरुण पिढीच्या बोलण्यातून मावळत चालला आहे. तो शब्द राहो वा न राहो, कढत पाणी अंगास लावण्यापूर्वी थांबून त्यात गार पाणी मिसळण्याची जी सवय त्या शब्दात साठवलेली होती, ती टिकविणे अगत्याचे आहे. उष्णतामापक हे त्याच सवयीचे आजचे साधन होय.